माळ आणि काडतूस



गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने काडतूस घडवावे का? अंबरनाथमध्ये हा प्रश्न कीर्तनात दृष्टांतापुरता येत नाही, तो रोज सकाळी पाळीवर जातो. आपल्या गावात संरक्षण खात्याचे दोन कारखाने आहेत. एक आयुध निर्माणी, जिला आपण सारे नुसते 'ऑर्डनन्स' म्हणतो. दुसरी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. १ ऑक्टोबर २०२१ पासून देशातले सगळे आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. त्यात पहिला कारखाना यंत्र इंडियाकडे गेला आणि दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे. पाट्या बदलल्या, काम तेच राहिले. या कारखान्यांत एकादशी धरणारी, हरिपाठ म्हणणारी, आषाढीला रजा टाकून दिंडीत चालणारी माणसे तुमच्या ओळखीची असतील. कदाचित तुम्ही स्वतःच त्यांतले एक असाल.

२०२५ च्या मे महिन्यात हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात उभा राहिला. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली. त्यांत आपल्या शेजारच्या डोंबिवलीचे तिघे होते. मरणाऱ्यांत तेथला एक मुसलमान घोडेवालाही होता. ७ मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या सैन्याने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी मारा केला. त्यानंतर तोफा, ड्रोन, क्षेपणास्त्रे सुरू झाली. पूंछमध्ये तोफगोळे घरांवर पडले आणि मुलेबाळे गेली. ८ मे रोजी वैशाख शुद्ध एकादशी होती. आपण उपवास धरला, भजन केले, आणि त्याच रात्री सरहद्दीवरची गावे दिवे मालवून बसली होती. १० मेच्या संध्याकाळी मारा थांबला. पुढे जूनमध्ये पालख्यांचे प्रस्थान झाले आणि ६ जुलैला आषाढी झाली.

त्या चार दिवसांत भजनाला बसलेल्या माणसाने पांडुरंगाकडे काय मागायचे होते? शत्रूचा नाश? आपल्या जवानांचा जय? लढाई थांबावी म्हणून करुणा? की यातले काहीच न मागता नुसते नाम घ्यायचे? हा प्रश्न पुढेही येणार आहे. म्हणून शांततेच्या दिवसांत त्याचा विचार करून ठेवावा, असे मला वाटते. मारा सुरू झाल्यावर विचार होत नाही, नुसता आरडाओरडा होतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. लढाईशी आमचा काही संबंध नाही, असे म्हणण्याची सोय उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या माणसाला नाही. ही गावेच लढाईच्या कडेला वाढली. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी. आजही आपण 'कॅम्प नंबर चार', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतो, त्यातला कॅम्प सैनिकांचा आहे. सैनिक गेले आणि फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. ज्या देशाकडे बोट दाखवून आपण 'पलीकडचे' म्हणतो, तेथे उल्हासनगरच्या कितीतरी आजी-आजोबांचा जन्म झाला आहे. सक्कर, शिकारपूर, लारकाना ही त्यांच्या माहेरची नावे. घर सोडून यावे लागल्याचा राग त्यांना आहे, आणि त्या घराची आठवणही आहे. एकाच मनात दोन्ही राहू शकतात, हे त्यांच्याकडून शिकावे.

नेवाळीचेही तेच. महायुद्धात धावपट्टीसाठी तेथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. युद्ध संपले, पण त्या जमिनी परत मिळाव्यात ही मागणी संपली नाही. जून २०१७ मध्ये संरक्षक भिंतीवरून तेथे मोठा उद्रेक झाला. त्यात कोणाचे किती बरोबर, हे ठरवण्याची ही जागा नाही. पण सैन्याला आपण सारे मिळून पाठिंबा देतो असे म्हणताना, त्या पाठिंब्याचे ओझे साऱ्यांवर सारखे पडत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोणाची जमीन जाते, कोणाचा मुलगा जातो, आणि कोणाचा फक्त एक संदेश पुढे जातो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याला दोन सोपी उत्तरे आपल्यात ऐकू येतात.

पहिले उत्तर असे, की वारकऱ्याने या भानगडीत पडू नये. भूतदया हा आपला धर्म, मुंगीलाही दुखवायचे नाही, मग लढाईचा विचार कशाला? हे ऐकायला बरे वाटते. पण ज्ञानोबा माउलींनी ज्या ग्रंथावर टीका लिहिली, तो ग्रंथ रणभूमीवर सांगितलेला आहे. अर्जुन नेमके हेच म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, त्याच्या बोलण्यात दया होती. तरी माउलींनी त्या दयेला मोह म्हटले. का? कारण ती दया आपल्यांपुरती होती. समोर आजोबा आणि गुरू उभे होते म्हणून ती आली. त्याआधी कितीतरी रणांगणांवर अनोळखी माणसे मारताना ती आली नव्हती. आपल्या दयेचीही अशीच परीक्षा घ्यावी. दुसऱ्याचा मुलगा पहाऱ्यावर उभा आहे म्हणून मी निवांत झोपतो, आणि सकाळी उठून म्हणतो की माझे हात स्वच्छ आहेत. या स्वच्छतेची किंमत कोण देतो, हे विचारले की ती दया डळमळते.

दुसरे उत्तर याच्या उलट टोकाचे. शत्रूचा सत्यानाश होवो, त्यांची पोरेबाळेही शिल्लक राहू नयेत. मेच्या त्या दिवसांत माळकऱ्यांच्या मोबाइलवरसुद्धा असे संदेश फिरले. त्यांना उत्तर देण्यासाठी पसायदान पुरेसे आहे. माउलींनी दुष्टांसाठीही मागणे मागितले, पण त्यांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांना चांगल्या कर्माची गोडी लागावी, एवढेच मागितले. हे मागणे भाबडेपणाचे नाही. वाळीत टाकलेल्या, दारोदार अपमान सोसलेल्या मुलाने ते मागितले आहे. ज्याला छळ ठाऊक नाही त्याची क्षमा आपण हलकी मानू शकतो. माउलींची मानता येत नाही.

मग या दोन उत्तरांच्या मध्ये वाट आहे का? आहे, आणि ती ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातून जाते. तेथे माउलींनी अहिंसेचा फार मोठा विस्तार केला आहे. त्याच्या सुरुवातीला अहिंसेच्या नावाने चाललेल्या हिंसेवर ते टीका करतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचे कुंपण त्या झाडाच्या बुंध्याला घालायचे, असा त्यांचा दृष्टांत आहे. देऊळ पाडून त्याच दगडांचा कोट देवाभोवती बांधायचा, असाही एक आहे. माउलींचा रोख तेथे यज्ञातल्या हिंसेकडे आहे. पण लढाईचा विचार करणाऱ्याने हे दृष्टांत उशाशी घेऊन झोपावे. कुंपण घालायला हरकत नाही. झाड राखायचेच आहे. पण ज्याचे रक्षण करायचे तेच तोडून कुंपण होत असेल, तर ते रक्षण नव्हे.

येथे युद्धनीतीचा संबंध येतो. आपल्याला वाटते, डावपेच हा सेनापतींचा विषय, त्यात धर्म कसला? पण कोठे मारायचे आणि कोठे थांबायचे, हा प्रश्न डावपेचाचा जेवढा, तेवढाच धर्माचा आहे. कारगिलचे पाहा. १९९९ च्या उन्हाळ्यात घुसखोर सोळा-अठरा हजार फुटांच्या शिखरांवर बसले होते. खालून श्रीनगर-लेह रस्ता जातो, आणि वरून तो त्यांच्या माऱ्यात होता. असे ठाणे घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे मागून जाऊन त्याची रसद तोडणे. पण मागची बाजू ताबारेषेपलीकडे होती. २६ मेपासून हवाई दल उतरले, त्यालाही ताबारेषा ओलांडू नका असा आदेश होता. मग पायदळाला समोरूनच चढावे लागले. उघड्या उतारावर दिवसा चढणे म्हणजे मरण, म्हणून रात्री चढायचे. सोप्या बाजूवर शत्रूची नजर असणार, म्हणून कड्याच्या बाजूने दोर लावून जायचे. आधी तोफांनी शिखर भाजून काढायचे, आणि तोफा थांबताच वर पोचलेले असायचे. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल असे एकेक शिखर परत आले. त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले.

ताबारेषा न ओलांडल्यामुळे जगाने आपली बाजू खरी मानली आणि माघारीसाठी दबाव पाकिस्तानवर आला. दोन अण्वस्त्रधारी देशांतली लढाई पसरली नाही. मर्यादेचा हा मोठा लाभ झाला. पण माउली, मर्यादा फुकट मिळत नाही. तिची किंमत समोरून चढणाऱ्या जवानाने दिली. म्हणून मर्यादेचे गोडवे गाणाऱ्या आपल्यासारख्यांवर दुप्पट ऋण चढते. जो 'आरपार करा' म्हणून ओरडतो, तो जवानाच्या जिवावर ओरडतो, हे खरे. पण 'संयम ठेवा' म्हणणाराही जवानाच्याच जिवावर म्हणतो. फरक इतकाच, की दुसऱ्याच्या म्हणण्याने सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची मुले वाचण्याची शक्यता वाढते. हा फरक लहान नाही. पण तो सांगताना आवाज खाली असावा.

२०२५ च्या कारवाईतही पहिल्या रात्री अतिरेक्यांचे तळ निवडले गेले, लष्करी तळ टाळले गेले, आणि सुमारे पंचवीस मिनिटांत मारा थांबवला गेला. पुढे मारा वाढला, लष्करी तळांवरही गेला, आणि चौथ्या दिवशी थांबला. लढाईत एक पाऊल टाकले की पुढचे पाऊल आपल्या हातात पूर्णपणे राहत नाही, ही धास्ती त्या चार दिवसांत साऱ्यांनी अनुभवली. म्हणूनच पहिले पाऊल मोजून टाकणे हा दुबळेपणा नसतो.

ही दृष्टी आपल्या मातीला नवी नाही. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. त्यात शौर्याची वर्णने नाहीत. पावसाळाभर दाणा-वैरण पुरवून वापरा, आधीच संपवली तर घोडी मरतील. मग तुम्ही रयतेचे धान्य आणि गवत ओढू लागाल, आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. आगट्या, चिलमी, पेटते दिवे सांभाळा, नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गंजीला आग लागेल. राजा उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो, कारण त्याला ठाऊक आहे, की रसद चुकली की सैन्य रयतेवर उलटते. शिस्तशीर पुरवठा हीच रयतेवरची दया आहे. अंबरनाथच्या कारखान्यातल्या माणसाने हे पत्र आपल्यासाठी लिहिले आहे असे समजून वाचावे.

तुकोबारायांनीही सैनिकाकडे पाठ फिरवली नाही. गाथेत पाइकीचे अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. धन्याशी एकनिष्ठ राहणे आणि जिवाची पर्वा न करणे हे शिपायाचे गुण घेऊन तुकोबांनी भक्त कसा असावा ते सांगितले. ज्याचा तिरस्कार असतो त्याचा दृष्टांत कोणी भक्तासाठी देत नाही.

आणि आपली वारी? आज माउलींची पालखी ज्या शिस्तीने चालते ती बसवणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारच्या पदरी असलेले सरदार होते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही सोहळ्यात येतात. तुम्ही वारी केली असेल तर विचार करा, तिच्यात सैन्याचे किती काही आहे. रथापुढे सत्तावीस दिंड्या, प्रत्येकीचा क्रम ठरलेला. पहिल्या कर्ण्याला आवराआवर, दुसऱ्याला दिंड्या रांगेत, तिसऱ्याला पालखी हलते. सामान आणि तंबू पुढे गेलेले, तळावर चुली पेटलेल्या. समाज आरतीला चोपदाराने दंड उंचावला की लाखोंचा समाज क्षणात शांत होतो, आणि मग कोणाचे काय हरवले, काय सापडले ते पुकारले जाते. शिपायाची शिस्त तीच राहिली, तिची दिशा तेवढी बदलली. हैबतबाबांनी आपल्याला दाखवून दिले, की सैनिकी बाण्यात आणि भक्तीत वैर नाही. वैर आहे ते द्वेषात आणि भक्तीत.

आता काडतुसाकडे परत येऊ. अंबरनाथच्या कारखान्यात पितळ, अॅल्युमिनियम अशा धातूंची कामे होतात, दारूगोळ्याला लागणारे भाग घडतात. त्या यंत्रावर उभ्या असलेल्या माळकऱ्याला आपण काय सांगणार?

काहीजण म्हणतील, गोरोबांनी मडकी घडवली, सावतोबांनी मळा केला, तसे हेही काम. मला हे पुरेसे वाटत नाही. मडक्याने कोणी मरत नाही. काडतूस घडते तेच कोणाचा तरी जीव घेऊ शकेल म्हणून. हा फरक झाकून आपण त्या माणसाचे समाधान करू नये. त्याला तो ठाऊक असतो. संतकथांत याच्या अधिक जवळचा आहे तो सजन कसाई. त्याचा धंदा संतमंडळींनी लपवला नाही आणि धंद्यामुळे त्याला दूरही लोटले नाही. गीतेच्या शेवटच्या अध्यायात तर स्पष्टच सांगितले आहे, की अग्नीला धूर असतो तसा प्रत्येक कर्माला काही ना काही दोष असतोच, तेवढ्यासाठी वाट्याला आलेले कर्म टाकू नये. ध्यानात घ्या, धूर नाही असे तेथे म्हटलेले नाही. धूर आहे, तो डोळ्यांत जातो, डोळे चुरचुरतात. चूल तरीही पेटवावी लागते.

तेव्हा त्या माळकऱ्याला मी तीन गोष्टी सांगेन.

पहिली, काम चोख कर. काडतूस कच्चे निघाले तर ते ऐन वेळी अडकते, आणि मरतो तो आपला जवान. माप चुकले तर गोळा भलतीकडे पडतो, आणि मरते ते कोणाचे तरी लेकरू. येथे शंभरातला एक नग वाईट गेला तर चालते, असे नसते. कामातला चोखपणा हीच येथे अहिंसा आहे. आणि हे काम करणाराही धोक्यात असतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. त्यांचा मृत्यू कोणत्याही सरहद्दीवर झाला नाही, पण सैन्याच्या पाठीशी उभे असतानाच झाला. जवानाला वंदन करताना या आठजणांना विसरू नये.

दुसरी गोष्ट, घडवलेले काडतूस न वापरता पडून राहावे, अशी इच्छा मनात असू दे. वैद्य औषध तयार ठेवतो, पण साथ यावी असे त्याला वाटत नाही. जो माणूस शस्त्र घडवतो आणि ते कामाला येऊ नये म्हणून देवाला आळवतो, त्याच्या गळ्यातली माळ शोभते. लढाई सुरू झाल्याचा ज्याला आनंद होतो, त्याने कधी शस्त्राला हात लावला नसला तरी माळेचा विचार पुन्हा करावा.

तिसरी गोष्ट, मनातली बोच मरू देऊ नकोस. रात्री झोप न लागणे हे दर वेळी दुबळेपण नसते. अर्जुनाला शंका आली म्हणून आपल्याला गीता मिळाली. दुर्योधनाला शंका आली नव्हती.

पुष्कळांना वाटेल, शूर माणसाला अशी बोच परवडत नाही. त्यांना मी २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवायला सांगेन. आपल्या लाइनचा प्रत्येक माणूस ज्या स्टेशनात उतरतो, तेथे त्या रात्री प्रवाशांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे गिरगाव चौपाटीवर सहायक पोलिस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याच्या रायफलीची नळी हातांनी धरून ठेवली. सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा हा माणूस, हातात फक्त काठी. गोळ्या अंगात घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळे साथीदार वाचले आणि तो अतिरेकी जिवंत हाती लागला. त्याच्यावर रीतसर खटला चालला, त्याला वकील मिळाला, अपील झाले, आणि मगच शिक्षा झाली. एका माणसाने नळी धरली आणि त्या पकडीतून न्यायालयाला आपले काम करता आले. शौर्य कशासाठी असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आपल्या संप्रदायात त्यांचे नाव आदराने घेतले जावे. ते नाव तर आपल्या ओठांवर रोज असतेच.

राहिले आपण, घरी बसलेले. सैन्याला पाठिंबा म्हणजे आपण नेमके काय करायचे?

सर्वांत आधी वाणी सांभाळायची. त्याच २००८ च्या हल्ल्यात कमांडो कोठे उतरत आहेत ते दूरचित्रवाणीवर दिसत होते, आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ते पाहून फोनवर सूचना देत होते. म्हणून २०२५ मध्ये सरकारने सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका असे पुनःपुन्हा बजावले. तरी ८ मेच्या रात्री काही वाहिन्यांनी शत्रूची बंदरे आणि शहरे पडल्याच्या खोट्या बातम्या दिल्या, आणि त्या आपण आनंदाने पुढे पाठवल्या. गीतेत वाणीचे तप सांगितले आहे: जे खरे, हितकर आणि दुसऱ्याला न बोचणारे असेल तेवढेच बोलावे. लष्करी गाडी दिसली म्हणून तिचे चित्र न काढणे आणि खात्री नसलेली बातमी पुढे न ढकलणे, एवढे तप वारकऱ्याला जड नाही.

मग शेजार सांभाळायचा. लढाई सरहद्दीवर असते आणि तिची झळ गल्लीतल्या मुसलमान कुटुंबाला लागते. शेख महंमदांना संतमालिकेत मान देणाऱ्या संप्रदायाने अशा वेळी त्या दारात जाऊन दोन शब्द बोलावेत. शेजाऱ्याला भय वाटू न देणे हेही सैन्याचेच काम हलके करणे आहे, कारण घर फुटले की सरहद्द राखून उपयोग नसतो.

आणि शेवटी, टिकून राहायचे. लढाईच्या दिवसांत रक्तदानाला रांगा लागतात. पण साठवलेले रक्त पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. दर तीन-चार महिन्यांनी मंडळाच्या वतीने शिबिर घेणे हे एका दिवसाच्या गर्दीपेक्षा उपयोगाचे. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, त्याच्या निधीतून माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्यासाठी काम होते. त्या दिवशी आपल्या भजनी मंडळाची पेटी फिरते का? ठाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. आपल्या वाडीतल्या एखाद्या वीरमातेला पेन्शनच्या कागदासाठी तेथे जावे लागत असेल, तर सोबत कोण जाते? अंत्ययात्रेला हजारो असतात. सहाव्या महिन्यात दाराशी कोणी नसते. वारकऱ्याला नेमाचे महत्त्व सांगावे लागत नाही. आपण एकदा पंढरपूरला जाऊन थांबत नाही, दर वर्षी जातो. तोच नेम या घरांना लावावा.

प्रार्थनेचा प्रश्न राहिला. पुन्हा कधी तशी रात्र आली, तर हरिपाठानंतर काय मागावे? मी असे मागेन: पांडुरंगा, पहाऱ्यावरच्या जवानाला सांभाळ, त्याचा हात स्थिर ठेव आणि त्याच्या मनात द्वेष शिरू देऊ नकोस. ज्यांच्या हाती हुकूम आहे त्यांना कोठे थांबायचे ते कळू दे. पलीकडच्या गावात पोराला कुशीत घेऊन बसलेल्या आईलाही ही रात्र पार करू दे. ज्यांनी निरपराधांना मारले, त्यांचा हात न्यायाने धरला जावो आणि त्यांची बुद्धी पालटो. कारखान्यात रात्रपाळीला असलेल्यांना सुखरूप घरी आण. आणि आमची जीभ आवर.

हे मागणे लांबलचक आहे, पण यातले एकही गाळता येत नाही. जवानासाठी मागताना पलीकडची आई गाळली, तर ती भक्ती राहत नाही. पलीकडच्या आईसाठी मागताना जवान गाळला, तर ती कृतघ्नता होते. माळेत एकशे आठ मणी असतात. नको तो मणी वगळून जप पुरा होत नाही.

पुंडलिक वरदा हारि विठ्ठल.